चरायला सोडलेलं घर

आमच्या मामांचं घर शंभर वर्षांहून जुनं होतं. पत्ता मात्र दर तीन-चार पावसाळ्यांनी नवा. हे मी आजवर कितीतरी लग्नांच्या पंगतीत सांगितलंय आणि ऐकणारा दर वेळी विचारतो, "म्हणजे भाड्याचं का?" भाड्याचं नव्हे हो. स्वतःचं, मामांच्या आज्याच्याही आज्यानं उभं केलेलं, ऐनाच्या खांबांचं, कोरीव तुळईचं घर. फक्त ते चालायचं.

मनोरच्या पुढे, डोंगर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहतात तिथे, वर एक खोरं आहे. बोईसरच्या बाजूनं आलेल्या माणसाला समुद्राचा वारा विसरायला लावणारं. मधून ओहोळ, दोन्ही अंगांना पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, बांधावर मोह आणि ताड, आणि खाचरांच्या मधोमध एकेक जुनं शेतघर. एकमेकांना हाक ऐकू जाईल पण भांडण ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर. कारवीच्या कुडाला मातीशेणाचा गिलावा, वर नळीची कौलं, पडवीला गवताचं छप्पर. साऱ्या घरात लोखंडाचा खिळा औषधाला नाही. खांब तुळईत आणि तुळई खांबात लाकडी खुंट्यांनी अडकवलेली. खुंट्या काढल्या की घर सुटं होतं. हे त्या खोऱ्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण त्याचा असा उपयोग मामांनीच केला.

मामांचं म्हणणं असं की जिथं घर उभं असतं तिथली माती सोनं होते. चुलीची राख, गोठ्याचं शेण, माणसांचा वावर, सगळं जमिनीत मुरतं. मग असल्या जागेवर घर ठेवायचं म्हणजे सोन्यावर बसून भीक मागायची.

"शेळीला आपण कशी बांधतो?" मामा विचारायचे. "आज ह्या खुंट्याला, उद्या त्या. एकाच खुंट्याला बांधली तर शेळी पन मरेल नि गवत पन. घराचा तसाच हाय. घर जरा चरवला पायजे."

मग घर चरायला निघायचं. जुन्या जागेवर त्या पावसाळ्यात भाताचं रोप असं काळंभोर उठायचं की शेजारचे बांधावर येऊन नुसते उभे राहत. मामा त्यांना म्हणायचे, "बगा, इथं आमची मोरी होती."

दिसायला मामा अगदी साधे. गुडघ्यावर धोतर, अंगात बंडी आणि कानावर, सुतार पेन्सिल ठेवतो तशी, एक लाकडी खुंटी. एक प्रसंग सोडला तर ती खुंटी कानावरून उतरलेली मी कधी पाहिली नाही. जेवताना नाही, देवापुढे हात जोडताना नाही. पालघरला आमच्या घरी आले की पहिल्यांदा भिंतीला तळहात लावायचे, थोडं ढकलून बघायचे आणि माझ्या आईकडे फार कळवळून पाहायचे.

"आक्का, तुमचा घर मेला हाय गं."

आमच्या वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन विटा-सिमेंटचं घर बांधलेलं. ते वर्तमानपत्रात तोंड घालून बसायचे. मामा गेल्यावर मात्र एकदा मी त्यांना गुपचूप भिंत ढकलून बघताना पाहिलं.

प्रत्येक खांबावर आणि वाशावर मामांच्या पूर्वजांनी कोयत्यानं खाचा पाडलेल्या होत्या. कुठलं लाकूड कुठे जातं ते त्या खाचांवरून कळायचं. एका वर्षी मामांनी त्या खाचा बाहेरून वाचण्याऐवजी आतून वाचल्या. घर उभं राहिलं, पण आरशात बघावं तसं उलटं. डावीकडचा गोठा उजवीकडे, उजवीकडचं स्वयंपाकघर डावीकडे. माणसं शिकली, बैल शिकला नाही. तो रोज संध्याकाळी शांतपणे स्वयंपाकघरात शिरायचा आणि चुलीपाशी उभा राहून मामीकडे बघत राहायचा. मामी म्हणाली, "ह्याला तरी सुधरवा, नाय तर घराला." मामांनी दोन्ही नाकारलं. म्हणाले, "घर कुशीवर वळलाय. झोपलेल्याला हलवू नये." पुढची पाळी येईपर्यंत मामी बैलाच्या शेजारी भाकऱ्या भाजत होती. आणि सवय बघा, पुढच्या पाळीला घर सरळ झालं तेव्हा बैल मोकळ्या शेतात जुन्या स्वयंपाकघराच्या जागी जाऊन उभा राहायचा आणि मामीलाच चुकल्यासारखं व्हायचं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण घरात कुसुम होती.

कुसुम ही मामांची एकुलती एक मुलगी. रंगानं सावळी, आवाजानं खणखणीत, आणि लग्नाचं वय उलटून चाललेली. तिच्यात काही कमी नव्हतं. कमी होता तो पत्ता. चिंचणीचे पाहुणे पहिल्यांदा बघायला आले ते मध्यस्थानं सांगितल्याप्रमाणे मोहाच्या झाडापासून डावीकडे वळले. तिथे त्यांना घराऐवजी एका मोठ्या चौकोनात वांगी दिसली. मंडळी वांग्यांकडे थोडा वेळ बघून परत गेली आणि चिंचणीत बोभाटा झाला की मुलीकडचे घरासकट पळाले. दुसरं स्थळ सफाळ्याचं. त्यांना घर सापडलं, पण मामांनी कौतुकानं विचारलं, "तुमचा घर कुठं कुठं फिरून आलाय?" ते चहा न घेता उठले.

त्यानंतर मामीनं निर्वाणीचं सांगितलं, "आता पोरीचा जमेपर्यंत घर हलला तर मी माहेरी जाईन. माझा माहेर जागेवर हाय."

त्या दिवसांत, म्हणजे साठ-सत्तरच्या मधली ती वर्षं, मी तारापूरच्या प्रकल्पाच्या बांधकामावर एका ठेकेदाराकडे कारकून होतो. बोईसरला तेव्हा पत्र्याच्या खोल्या, उडणारी धूळ आणि देशभरच्या बोलींचा गलका. माझ्या खोलीत प्रभाकर नावाचा साताऱ्याकडचा ड्राफ्ट्समन राहायचा. दिवसभर कागदावर रेघा ओढायच्या आणि त्यांना भिंत, दार, जिना म्हणायचं, हा त्याचा धंदा. मुलगा सरळ, निर्व्यसनी, आणि माझ्या वाट्याची भाकरीही विचारून खाणारा. मी त्याच्यापाशी कुसुमचं स्थळ सुचवलं. आणि सुचवताना, स्वभावाप्रमाणे, जरा वाढवून सुचवलं. "ऐतिहासिक घर आहे," म्हटलं. "अशी घरं आता बघायला मिळत नाहीत." यातलं दुसरं वाक्य पुढे फारच खरं ठरलं.

प्रभाकरचे वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. मिशा, फेटा, आणि बसले तरी उभे असल्यासारखे. त्यांची एकच अट. "मुलगी प्रभाकर बघंल. मी घर बघणार. घरावरनं माणूस कळतो."

मी धावत खोऱ्यात गेलो आणि मामांकडून शब्द घेतला. पाहुणे येतील त्या दिवशी घर उभं पाहिजे. मामांनी कानावरच्या खुंटीला हात लावून शपथ घेतली.

ठरल्या दिवशी, चैत्र संपता संपता, आम्ही साइटवरच्या एका जीपमधून निघालो. सुभेदार, त्यांच्या पत्नी, प्रभाकर आणि मी. चालवायला एक उत्तर प्रदेशचा ड्रायव्हर. खोऱ्याच्या तोंडाशी मी हात करून म्हटलं, "ते बघा, त्या ताडाच्या मागं." ताडाच्या मागं काहीच नव्हतं. ड्रायव्हरनं जीप थांबवली, डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाला, "बाबूजी, घर तो उधर जा रहा है."

खरंच जात होतं. खाचरातून पडवीचं अख्खं गवती छप्पर चाललं होतं. आत शिरून ते डोक्यावर घेतलेली पाड्यावरची माणसं दिसत नव्हती, नुसते पाय दिसत होते. पुढे दोघं तुळई घेऊन, मागे बायकांच्या डोक्यांवर कौलं, आणि सगळ्यांच्या मागे बैल. त्याला बिचाऱ्याला कुठे जायचं ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

मामा हसतमुखानं सामोरे आले. मी त्यांना बाजूला ओढलं.

"मामा, शब्द दिला होतात!"

"अरे भाच्या, पाड्यावरची मानसं कालच वीटभट्टीवरून परत आली. आता घराला लागली तर लागली. उद्या ज्याच्या त्याच्या शेतावर जातील. मग पाऊस येयाच्या आधी घर हलवनार कोन, तू?"

"पण घर उभं पाहिजे असं ठरलं होतं!"

"हाय की उभा," मामा म्हणाले आणि त्यांनी बोट दाखवलं.

नांगरलेल्या सपाट खाचरात एक दार उभं होतं. फक्त दार. जुनी कोरीव चौकट, दोन फळ्या, पितळी कडी, वर आंब्याचं तोरण, उंबऱ्यावर हळदकुंकू. अलीकडे शेत, पलीकडे शेत. आमच्याकडे घर बांधताना आधी चौकट उभी करून पूजतात, हे खरं. पण चौकट पुजली म्हणजे घर झालं, बाकीचं नुसतं यायचं राहिलंय, हा हिशोब मामांचा. चौकटीपासून सगळ्या घराचा आराखडा चुलीच्या राखेनं जमिनीवर ओढून ठेवला होता. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, देवखोली. देवखोलीत देव होते. स्वयंपाकघरात चूल पेटली होती आणि मामी डोक्यावर पदर घेऊन बसली होती. माजघरात, आमच्यापासून हाकेच्याही अलीकडे, हिरव्या लुगड्यात कुसुम बसली होती आणि आम्हांला दिसत नाही असा चेहरा करून आमच्याकडे बघत होती.

मामीकडे मी केविलवाणं पाहिलं. तिनं एका राखेच्या रेघेपलीकडून पुटपुटून सांगितलं, "माहेरी निघालेच होते. पन ह्यांनी आधी दारच उचलून नेला. जाऊ कुठनं?"

त्या खोऱ्यात वेड एकाच माणसाला लागलंय अशी माझी समजूत होती. ती समजूत तिथे मिटली.

"या, या," मामा सुभेदारांना म्हणाले. "जरा वाकून या. चौकट बुटकी हाय."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. इतक्यात प्रभाकर पुढे झाला, दारापाशी गेला आणि त्यानं कडी वाजवली. आतून, म्हणजे शेतातूनच, कुसुमचा आवाज आला, "कोन हाय?"

"पाहुणे," प्रभाकर म्हणाला. दार उघडलं. तो वाकून आत गेला आणि चारी बाजूंच्या रेघांकडे असा बघत राहिला, जसं भक्तानं देवळात बघावं. आयुष्यभर त्यानं नकाशे काढले होते. नकाशात पाहुणा म्हणून तो पहिल्यांदाच आला होता.

"ओटी ऐसपैस आहे," तो म्हणाला. मामांचा चेहरा उजळला.

आम्ही सगळे सतरंजीवर बसलो. वर चैत्राचं ऊन. मामा म्हणाले, "गारवा हाय ना? कौलांचा गुण." सुभेदारांच्या फेट्याखालून घामाचे ओघळ मिशांत शिरत होते. त्यांची नजर साहजिकच माजघराकडे गेली. मामा खाकरले.

"पावनं, भिंतीपलीकडे बगू नये. मुलीला बोलवू आपन."

"कुठल्या भिंतीपलीकडं?"

"हीच की," असं म्हणून मामांनी हवेला तळहात लावला आणि थोडं ढकलून बघितलं. "पक्की हाय."

मामीनं पानगी केली होती. हळदीच्या पानातली गरम पानगी आणि वर लोणी. ती ताटं घेऊन मामी स्वयंपाकघरातून सरळ आमच्याकडे चार पावलांत आली असती. पण ती गोठ्याच्या अंगानं वळली, बोळ नसलेल्या बोळातून आली, एका न दिसणाऱ्या खांबाला खांदा लागू नये म्हणून तिरकी झाली आणि मग ओटीवर आली. प्रभाकरच्या आई, साधी बाई, हे बघून एवढ्या घाबरल्या की त्यांनी सरकून आपली पाठही "भिंती"ला लागू नये अशी केली.

पानगी मात्र सुभेदारांना आवडली. त्यांनी दुसरी मागून घेतली, तिसरी मागून घेतली. माझ्या जिवात जीव आला. आता कुसुमला बोलवायचं, प्रभाकर हो म्हणणार हे त्याच्या तोंडावर दिसतच होतं, आणि संध्याकाळच्या आत सुपारी फुटणार. मी मनातल्या मनात लग्नाला कुठला कोट घालायचा ते ठरवत होतो. एकच कोट होता, तरी ठरवत होतो.

तेवढ्यात सुभेदार हात धुवायला उठले आणि मोहाच्या झाडाखालच्या हंड्याकडे सरळ चालत निघाले. राखेच्या रेघेवरून.

सगळं थांबलं. छप्पर घेऊन येणारे पायसुद्धा थांबले. मामीनं पदर तोंडावर ओढला. कुसुमच्या हातून पाण्याचा तांब्या कलंडला.

"पावनं," मामा अगदी हळू म्हणाले, "तुमी आमच्या भिंतीतनं गेलात."

मग त्यांनी पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याला खूण केली. तो टोपलीभर राख घेऊन आला, वाकला आणि सुभेदारांच्या बुटानं पुसलेली रेघ त्यानं पुन्हा ओढली. पडक्या भिंतीला लिंपावं तसं वरून हातही फिरवला. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही.

सुभेदार ओल्या हातांनी परत आले ते लाल होऊन.

"मला खुळा समजता काय? सारी उमर फौजेत काढली. तंबूत राहिलो, खंदकात राहिलो. तंबूला कापड तरी असतंय! तुमी मला हवेत बसवलंसा, हवेच्या भिंतीतनं गेलो म्हणून बोल लावतासा! ऊठ, प्रभाकर. असल्या घरातली पोरगी घेऊन ठेवायची कुठं?"

प्रभाकर उठला नाही. त्याची आई उठली. मामांनी कानावरची खुंटी काढली. मी ती पहिल्यांदाच उतरलेली पाहिली. खुंटी हातात घेऊन ते नुसते बघत राहिले, जणू ती कुठे बसवायची तेच आठवत नाही. हे तिसरं स्थळ. याच्यापुढे या खोऱ्याची वाट कोण विचारणार होतं?

सुभेदार निघाले. त्यांची पावलं पुन्हा रेघेच्याच दिशेनं पडत होती. त्याच वेळी माजघरातून तो खणखणीत आवाज आला.

"दादा, पावन्यांना सांग, जाताना दार ओढून घ्या. गुरं आत येतात."

आवाज मला उद्देशून होता, पण पोचला सुभेदारांना. ते रेघेपाशी, अगदी बुटाचं टोक राखेला लागेल एवढ्यावर, थांबले. आयुष्यभर खणखणीत हुकूम ऐकलेला माणूस. हुकूम कानात पुरता शिरण्याआधी पाय हलतात. सुभेदार जागच्या जागी वळले, ताठ चालत चौकटीपाशी गेले, फेटा लागू नये म्हणून वाकले, उंबरा ओलांडला, मागे फिरले आणि दोन्ही फळ्या ओढून कडी लावली.

आणि मग तिथेच उभे राहिले.

आम्ही बसलो होतो तिथून, चौकटीच्या कडेनं, ते पूर्ण दिसत होते. कडीवरच्या आपल्या हाताकडे बघत होते. बैल त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यालाही आत कसं जायचं ते कळत नव्हतं.

मग कडी वाजली.

मामांनी खुंटी परत कानावर ठेवली. "कोन हाय?"

"मी," सुभेदार म्हणाले. "सुभेदार."

"या की. दार आपलाच हाय."

सुभेदार वाकून आत आले, सतरंजीवर बसले आणि मिशा पुसत, कुणाकडेही न बघता म्हणाले, "पोरीचा आवाज खणखणीत हाय. मला पसंत. अजून एक पानगी असंल तर बघा."

मामांनी माझ्या पाठीत जोरात थाप मारली. "बगितलास? रागात पन दारानं जाणारा मानूस! ह्यांच्या घरात पोर डोळं मिटून द्यावी." मग कुसुमला बोलावलं. ती माजघराच्या न दिसणाऱ्या दारातून आली. प्रभाकरनं तिला एकच विचारलं, "हे माजघराचं दार आतल्या बाजूला उघडतं ना?" ती म्हणाली, "बाहेरच्या. आत्ता तुमच्या नाकाला लागला असता." आणि प्रभाकर चटकन मागे सरला.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. आमच्या मामांनी एकाच दिवशी दोन्ही उरकलं. सुपारी फुटेपर्यंत पडवीचं छप्पर चढलं होतं.

कुसुम बोईसरला वसाहतीतल्या सिमेंटच्या खोलीत राहायला गेली. मामा तिथे एकदाच आले. भिंतीला हात लावला, ढकललं, सुस्कारा सोडला. कुसुम म्हणाली, "बाबा, जिता ठेवलाय मी त्याला." म्हणजे काय, ते मला मागाहून कळलं. दर काही महिन्यांनी ती खाट, कपाट, पाण्याचं पिंप सगळं या भिंतीकडून त्या भिंतीकडे हलवते, आणि प्रभाकर कामावरून येऊन सवयीनं जिथे खाट होती तिथे जमिनीवर बसतो. सुभेदार तिचीच बाजू घेत. "बदल्या व्हायलाच पायजेत. त्याबिगर शिस्त राहत नाय."

पुढच्या श्रावणात मी, कुसुम आणि सुभेदार खोऱ्यात गेलो. टेकडीवरून खाली पाहिलं तर पोपटी भातात मोठे मोठे गडद चौकोन उमटलेले. मामांच्या घराच्या आजवरच्या सगळ्या जागा. मधेच ज्या खाचरात आम्ही उन्हात बसलो होतो तिथे मात्र खरंखुरं घर उभं होतं, धुरासकट.

वाट जुन्या जागेवरून, अगदी काळ्याभोर भाताच्या कडेनं जात होती. सुभेदार पुढे होते. एका ठिकाणी, बांधावर काही नसताना, ते थांबले, फेट्यावर हात ठेवून वाकले आणि मग पुढे गेले. घर हलण्याआधी चौकट तिथे होती हे त्यांना कुणी सांगितलं, कोण जाणे. पलीकडे भातात मामा निंदणीला उभे होते.

"या, व्याही," मामा म्हणाले. "बसा."

सगळीकडे गुडघाभर चिखल. सुभेदारांनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "ओटी ओली दिसतीया. उभाच बरा."

मला हे असलं पटत नाही. शिकलेला माणूस. मी त्या नसलेल्या दाराकडे न वळता चिखलातून सरळ आडवा गेलो आणि मामांसमोर उभा राहिलो. मामांनी कानावरची खुंटी चाचपली आणि माझ्याकडे काळजीनं पाहिलं.

"भाच्या, फार लागला तर नाय ना रे?"

आणि खरं सांगतो, माझा हात कपाळाकडे गेला.